श्रावणातलं पनीर

लवू धुरी मुंबईच्या गोदीत कामाला होता. एका दुपारी क्रेनला लावलेली पेटी सुटली आणि त्याच्या पायावर आली. तार गावी, जामसंड्याला पोचली तेव्हा त्याची बायको चंद्रावती नाचणीच्या शेतात होती. घरात सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं. जाऊ कृष्णाबाई होती, पण तिची स्वतःचीच पोरं तिला आवरत नव्हती. शेवटी चंद्रावतीने आपल्या लहानग्या रुक्मिणीला शेजारच्या सावित्रीकाकीच्या ओटीत घातलं.

काकी बालविधवा. मूलबाळ नाही, गळ्यात तुळशीची माळ, आणि घरात एक म्हैस. "चेडवाची काळजी करू नको," काकी म्हणाली. "तू जा आणि घोवाक उभो कर."

चंद्रावती महिन्याभरासाठी म्हणून गेली ती चार वर्षांनी परतली. लवूचा पाय बरा झाला, पण वाकडा झाला. गोदीतलं काम सुटलं. मग चंद्रावतीनेच ताडदेवच्या एका पारशी घरात स्वयंपाकघराचं काम धरलं. आधी भांडी, मग भाजी चिरणं, मग हळूहळू चुलीपाशी. घरची शिरीनबाई तोंडाने फटकळ होती, पण शिकवायची मनापासून. सत्तावन्न साली लवूला वाकड्या पायाने मुंबई नकोशी झाली आणि दोघं गावी आली.

चार वर्षं दुसऱ्याच्या घरी वाढलेली रुक्मिणी पहिल्या दिवशी आईकडे आली नाही. काकीच्या पदरामागे उभी राहून बघत राहिली. काकीनेच तिला पुढे ढकललं. "आवस तुझी. जा," म्हणाली, आणि गोठ्यात निघून गेली. चंद्रावतीला कळलं की काकी डोळे पुसायला गेली आहे. त्या उपकाराखाली ती नेहमीच थोडी वाकून असे.

गावाने मात्र तिचं नाव ठेवलं, पारश्याची चंद्रा. विहिरीवर, देवळाच्या पायरीवर, कुणाच्या बारशाला. कृष्णाबाई तर तोंडावर म्हणायची, "पारश्याकडे भांडी घासून इली, आता आमका शिकवता." चंद्रावती उत्तर देत नसे. पण रात्रीचं जेवण झाल्यावर लवूला म्हणायची, "मी चोरी केलेली काय? काम केलंय." लवू पाय चोळत ऐकत असे. त्यालाही ते लागायचं, कारण त्याच्याच पायासाठी ती गेली होती.

शिरीनबाईकडे चंद्रावती एक पदार्थ शिकली होती. टोपलीतलं पनीर. बांबूच्या वाटीएवढ्या टोपल्या असत. कोमट दुधाला विरजणाचं पाणी लावायचं, दूध थिजलं की ते डावाने अलगद टोपल्यांत भरायचं. पाणी गळून गेलं की टोपलीच्या विणीचे ठसे उठलेली पांढरी, थरथरणारी वडी तयार होई. मग त्याच गळलेल्या पाण्यात मीठ घालून ती बुडवून ठेवायची. दोन दिवस चांगली राही. खरवसासारखी दिसे, पण गोड नव्हे, आणि जिभेवर ठेवली की विरघळे.

ते विरजण कशाचं, हेही तिला शिरीनबाईनेच शिकवलं होतं. कोंबडीच्या पोटात दाणे दळणारी जी जाड पिशवी असते, तिच्या आतली पिवळी साल. ती सोलून, धुऊन, मीठ लावून वाळवायची. लागेल तेव्हा तुकडा पाण्यात भिजत घालायचा आणि गाळलेलं पाणी चमचाभर दुधात टाकायचं. गावी येताना तिने टोपल्याही आणल्या होत्या आणि सालीची बरणीही. धुऱ्यांच्या घरी कोंबडी शिजायचीच, त्यामुळे नवी साल वाळवून ती बरणी भरती ठेवत असे. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

एकसष्ट साली जामसंड्याला नर्मदाबाई नावाची ग्रामसेविका आली. सायकलवरून फिरणारी, तिशीतली, कुडाळकडची. घरी मालवणी बोलत असेल, पण कामावर शुद्ध बोलायची. लावणीच्या दिवसांत बायका पहाटे शेतावर जातात आणि पोरं दुपारपर्यंत शिळ्या भातावर राहतात, हे तिच्या नजरेस आलं. आदल्या दिवशी करून ठेवता येईल, पोराच्या हातात देता येईल आणि अंगी लागेल असा काही खाऊ बायकांना सुचतो का, असं ती घरोघर विचारत फिरली.

ज्येष्ठातल्या एका सकाळी ती चंद्रावतीकडे आली तेव्हा घरात आदल्या दिवशीचं पनीर होतं. चंद्रावतीने तवसं, म्हणजे मोठी काकडी, बारीक चिरलं, मीठ लावून पिळलं, मुळ्याचा कोवळा पाला आणि कोथिंबीर घातली, ओल्या मिरचीचा तुकडा, मूठभर ओलं खोबरं. त्यात पनीर हलक्या हाताने मोडलं आणि ते सगळं घावनात गुंडाळून दिलं.

नर्मदाबाईने एक खाल्लं, मग दुसरं मागितलं.

"हे उद्यापर्यंत टिकेल?"

"तवसा पिळून घेतला तर टिकता. हळदीच्या पानात बांधून शिंक्यात ठेवूचा. घावन मऊ ऱ्हवता."

"चंद्रावतीबाई, पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन आहे. तालुक्याचे साहेब येतील. महिला मंडळातर्फे हाच खाऊ द्यायचा. सगळ्या बायका मदत करतील, पण करणार तुम्ही."

चंद्रावती त्या दिवशी कितीतरी वेळ दारात उभी होती. मुंबईहून आल्यापासून तिला कुणी बाई म्हटलं नव्हतं.

पंधरा ऑगस्ट जवळ आला तोवर श्रावण लागला होता. गावात कोंबडी-मासळी बंद. काकी तर एकवेळ जेवत होती. हे चंद्रावतीला माहीत होतं, म्हणूनच तिने आधीच ठरवलं होतं की यंदा लिंबू पिळूनच दूध फोडायचं. तेरा तारखेला घरोघरचं दूध तिच्याकडे गोळा झालं. काकीने आपल्या म्हशीचं सगळं दूध दिलं, घरात चहापुरतंही ठेवलं नाही.

चंद्रावतीने अर्ध्या दुधात लिंबू पिळलं. दूध फुटलं, पण थिजलं नाही. टोपलीतून काढताच त्याचा चुरा झाला. चव आंबट, दाताखाली कचकच. तिने थोडं घावनात घालून गुंडाळलं, उचलताच ते दोन्ही टोकांनी सांडलं. कृष्णाबाई भाजी निवडायला आली होती, ती बघत होती.

"ह्यांच काय गो ता पारश्याचां?" ती म्हणाली. "असां तर माझी म्हस नासलेला दूध देता."

बाकीच्या बायका हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं, दमल्यावर बायका हसतातच. पण चंद्रावतीचं तोंड उतरलं. संध्याकाळी सगळ्या गेल्यावर उरलेल्या दुधासमोर ती बसून राहिली. परवा साहेब येणार, नर्मदाबाईने सगळ्यांना सांगून ठेवलेलं, आणि तिच्या हातून चुरा होणार. फळीवर बरणी होती. चमचाभर पाणी, आणि तेही गाळलेलं, ती स्वतःला म्हणाली. त्यात कोंबडी कुठे असते? तिने तुकडा भिजत घातला.

दूध सुरेख थिजलं.

पंधरा तारखेला पाऊस उघडला होता. झेंडावंदन झालं, साहेबांचं भाषण झालं, मग पोरांना आणि बायकांना हळदीच्या पानांतल्या गुंडाळ्या वाटल्या. पान सोडताच वास सुटत होता. पोरांनी हात चाटले. साहेबांनी नर्मदाबाईला काहीतरी विचारलं आणि तिने चंद्रावतीकडे बोट दाखवलं. कृष्णाबाईसुद्धा गप्प बसून खात होती.

सावित्रीकाकी शाळेच्या पायरीवर पान हातात घेऊन बसली होती. तिने अजून तोंड लावलं नव्हतं. चंद्रावती जवळून जाताना तिने पदर धरला.

"चंद्रा, ह्यात माझ्या माळेक चलणार नाय असां काय नाय मां?"

विचारताना तिच्या आवाजात संशय नव्हता. ती कुणाच्याही घरचं खाण्याआधी असंच विचारायची. चंद्रावतीला एका क्षणात सांगता आलं असतं. काकी, तू खाऊ नको, एवढंच. पण आजूबाजूला बायका होत्या, साहेब होते, रुक्मिणी मैत्रिणींना सांगत होती की हे माझ्या आईने केलं.

"नाय गो काकी," ती म्हणाली. "दूध, मीठ आणि तवसा. आणखी काय असतला?"

काकीने खाल्लं. तिचे दात बरेचसे पडले होते. तिने डोळे मिटून सावकाश घास घोळवला आणि म्हणाली, "देव तुझ्या हाताक बरां करो."

चंद्रावती पाणी आणण्याच्या निमित्ताने शाळेच्या मागे गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आतून बायका तिचं नाव घेऊन हाका मारत होत्या, चांगल्यासाठीच, आणि तिला आत जाववत नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. कौतुक थांबत नव्हतं. जी ती वाटेत थांबवून विचारी, कसं केलंस. नर्मदाबाईने ठरवलं की पुढच्या बुधवारी शाळेत सगळ्या बायकांना तिने पनीर करून दाखवायचं. आणि काकी रोज सकाळी दुधाचा तांब्या घेऊन दारात.

"माझ्या दातांका बरां पडता गो तां. चार दिवस झाले, जेवण जाईना. थोडां करून दी."

चंद्रावतीने लिंबाचं करून दिलं. काकीने चाखलं आणि वाटी खाली ठेवली. "त्या दिवसासारखां नाय झालां," ती म्हणाली. मग चंद्रावतीला वाईट वाटू नये म्हणून घाईने पुढे बोलली, "माझ्याच दुधात पाणी पडला असतला."

हे ऐकून चंद्रावतीला तिथे बसवेना. ती उठली, पुन्हा बसली.

"काकी, दुधात काय नाय. दूध बरां आसा." ती जमिनीकडे बघून बोलत होती. "त्या दिवशी लिंबू नव्हता. त्या दिवशी मी दूध कोंबडीच्या पोटातल्या सालीन लावलंय. तू इचारलंस आणि मी खोटां बोललंय."

काकीच्या चेहऱ्यावर राग आला असता तर चंद्रावतीला बरं वाटलं असतं. काकीने फक्त हात गळ्याशी नेला आणि माळेचे मणी चाचपले, जणू ते आहेत की नाहीत हे बघावं. मग तांब्या उचलला, उंबरठा ओलांडला आणि आपल्या घरी गेली. चंद्रावती मागोमाग दारापर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर काकीचा गळा मोकळा होता. इतक्या वर्षांत तिला माळेशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. कृष्णाबाईने लगेच विचारलं, "काकी, माळ खंय?"

"दोरो तुटलो," काकी म्हणाली. "एकादशीक नवी घालतलंय."

चंद्रावती घागर भरत होती. जी जन्मात खोटं बोलली नव्हती ती बाई आपल्यासाठी, सगळ्यांसमोर, सरळ चेहऱ्याने खोटं बोलली. घागर भरून वाहू लागली तरी तिच्या लक्षात आलं नाही. काकीने तिच्याकडे बघितलंही नाही. घागर डोक्यावर घेऊन ती निघून गेली. त्या म्हाताऱ्या पाठीकडे बघताना चंद्रावतीला वाटलं, आपण खोटं बोललो ते एकदाच, पण आता ते काकीच्या तोंडात जाऊन बसलं.

त्या दिवशी तिने लवूला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बुधवारी लिंबाचा दाखव. गप ऱ्हव. लोक विसारतत."

"काकी विसारतली?"

लवूने कंदील बारीक केला.

बुधवारी शाळेच्या खोलीत तीसेक बायका जमल्या. नर्मदाबाईने स्टोव्ह आणला होता, टेबलावर पातेलं, दूध, चिरलेलं तवसं, सगळं मांडून ठेवलं होतं. काकी मागे भिंतीशी बसली होती. आली नसती तर बायकांनी का आली नाही असं विचारलं असतं, म्हणून आली असावी.

चंद्रावतीने दूध तापवलं. लिंबू हातात घेतलं आणि थांबली. तिचा आवाज फार लहान निघाला, पुढच्या बायकांनी मागच्यांना गप्प केलं.

"पंधरा तारखेक जा तुम्ही खाल्लात, तां लिंबाचां नव्हता. लिंबान तसां होणा नाय. तां कोंबडीच्या सालीन लावलेलां. श्रावणात. माका ठावक होतां आणि मी सांगूक नाय." ती थांबली. "काकीची माळ तुटली नाय. ती माझ्यामुळे काढली."

एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. कुणी म्हणाली, घरी सासूला काय सांगू. कुणी नुसतीच तोंडावर पदर धरून बसली. हिंदळ्याहून आलेली एक बाई उठून बाहेर जाऊन थुंकली, आठ दिवसांनंतर. कृष्णाबाई म्हणाली, "मी म्हणी होतंय. पारश्याची ती पारश्याचीच." आणि पोरांना हाताला धरून निघून गेली.

नर्मदाबाई लाल झाली होती. तिने आधी स्टोव्ह बंद केला. सगळ्या गेल्यावर तिने चंद्रावतीला हळू आवाजात विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंत?" ती ओरडली नाही, पण तिच्याही नावाला आता डाग लागला होता, आणि ते दोघींनाही कळत होतं.

काकी मात्र वाटेत वडाखाली थांबून होती. चंद्रावती जवळ गेली. तिला वाटलं होतं, आता काकीचं मन हलकं झालं असेल.

"कोणी सांगितल्यान तुका सगळ्यांसमोर बोलूक?" काकीचा आवाज चढला होता. पहिल्यांदाच ती रागावली होती. "माझी माळ, माझा पाप. मी बघून घेतलां असतां. मी खोटां बोललंय तां तुझ्यासाठी न्हय गो. रुक्मिणीसाठी. उद्या तिका पोरां काय म्हणतली?"

चंद्रावतीने हा विचारच केला नव्हता. तिला फक्त आपल्या छातीवरचं ओझं उतरवायचं होतं. आता ते रुक्मिणीच्या पाठीवर गेलं होतं.

काकी म्हणाली ते खरं झालं. शाळेत पोरींनी रुक्मिणीच्या डब्यातला खाऊ घेणं सोडलं. एक दिवस ती घरी आली, आईशी न बोलता काकीच्या घरात गेली आणि तिथेच झोपली. चतुर्थीला मोदक करायला शेजारणी एकमेकींकडे गेल्या, चंद्रावतीला कुणी बोलावलं नाही. तिच्या घरच्या गणपतीला लोक आले, आरती म्हटली, प्रसादाला हात मागे घेतला. तिने बरणी विहिरीमागच्या खड्ड्यात पुरली. पुरून मन काही हलकं झालं नाही.

एकादशीला काकीने देवळातल्या बुवांच्या हातून नवी माळ घातली. त्यानंतर ती चंद्रावतीच्या ओट्यावर येऊन बसू लागली, पूर्वीसारखीच. रुक्मिणीच्या वेण्या घालायची, लवूच्या पायाला लावायला तेल द्यायची. पण घरातलं पाणीसुद्धा पीत नसे. चंद्रावती विचारत नसे. विचारण्याचा हक्क आपण घालवला आहे, एवढं तिला समजत होतं.

नर्मदाबाईने मात्र तो खाऊ सोडला नाही. दुसऱ्या वर्षी लावणीआधी ती पुन्हा आली. लिंबाचं पनीर चुरा होतं तर चुराच घावनात भरू, फडक्यात बांधून वर दगड ठेवला तर थोडं धरतं, असं दोघींनी मिळून काढलं. नर्मदाबाई ते दुसऱ्या वाड्यांत शिकवत फिरली. चंद्रावतीचं नाव तिने कुठे घेतलं नाही, आणि चंद्रावतीनेच तसं सांगितलं होतं. हळूहळू जामसंड्यातही काही घरांत सुट्टीच्या दिवशी हळदीच्या पानातली गुंडाळी होऊ लागली. कृष्णाबाईच्या घरीसुद्धा. ती म्हणायची, हे ग्रामसेविकेचं.

सदुसष्ट साली रुक्मिणीचं लग्न ठरलं, तळेऱ्याच्या एका चांगल्या घरात. मुलाकडच्यांनी चौकशी केली होती, पण ती जुनी गोष्ट त्यांनी मनावर घेतली नाही, किंवा त्यांना कुणी सांगितली नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रुक्मिणी मांडवपरतणीला माहेरी आली आणि घरच्या माणसांची पंगत बसली. काकी थकली होती. रुक्मिणीने तिचा हात धरून तिला ओटीवर आणलं आणि पाटावर बसवलं. सहा वर्षांनी काकीला आईच्या हातचं जेवू घालायचा रुक्मिणीचा बेत बहुतेक काकीला ठाऊक होता.

चंद्रावती भाताचं पातेलं घेऊन दारातच थांबली. तिने कृष्णाबाईच्या हातात डाव दिला. "काकीक तू वाढ."

काकीने ते ऐकलं. "कृष्णाबाय, तू पंगतीक बस," ती म्हणाली. "चंद्रा वाढीत."

कृष्णाबाईने डाव परत दिला. चंद्रावती काकीच्या पानापुढे वाकली. तिने भात वाढला, वर वरण घातलं, बाजूला काकडीची कोशिंबीर. थोडा भात पानाबाहेर सांडला. तिला वाटलं काकी आता काहीतरी विचारेल, आणि यावेळी ती सगळं सांगणार होती, मीठ कुठलं, पाणी कुठलं, पातेलं कधी घासलं.

काकीने काही विचारलं नाही. वरण कालवलं आणि जेवू लागली. मध्ये एकदा म्हणाली, "भात मऊ झालो हा." बाकीचे जेवत होते, बोलत होते, कुणाला त्यात विशेष काही दिसलं नाही.

चंद्रावती मात्र शेवटपर्यंत तिच्या समोर उभी होती आणि एकदाही तिच्या चेहऱ्याकडे बघू शकली नाही. काकीचं पान तिने स्वतः उचललं आणि मागच्या दारी जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिली.